मीटरला एवढं कशाला कळायला हवं?

वीजक्षेत्रात हयात घालवलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी मध्यंतरी एका परिसंवादात स्मार्ट मीटरच्या विरोधकांची यथेच्छ टिंगल केली. ‘मीटरला युनिटं कळतात हो, माणसं कळत नाहीत,’ असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. टाळ्या देणाऱ्यांत माझे काही आंदोलक मित्रही होते. त्यांचा विरोध ‘मीटर जोरात पळतो’ एवढ्यावरच उभा आहे. बिल कमी आलं असतं तर त्यांनी मीटरला हार घातला असता. तेव्हा भांडण दोघांशीही आहे.

इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचा विषय निघाला की 2016 च्या ‘मिराय’ या मालवेअरची गोष्ट सांगायची प्रथा आहे. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलत नाही, एवढ्या भांडवलावर विशीतल्या पोरांनी कॅमेऱ्यांची आणि राउटरची फौज उभी केली. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला त्याच हत्याराने अमेरिकेतल्या अर्ध्या नामांकित वेबसाइट्स काही तास आडव्या केल्या. यावर पुष्कळ लिहून झालं आहे. शिवाय कॅमेरा आपण हौसेने आणतो आणि नको झाला तर काढून टाकतो. मीटरचं तसं नाही. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, अशी घोषणा 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात झाली. पुढे वेळेनुसार दर लावणारा ‘टीओडी’ मीटर आला. प्रीपेड गेलं, स्मार्ट राहिलं आणि आंदोलन घरी गेलं.

अभियंतेसाहेबांना मी जॉर्ज हार्ट वाचायला सांगेन. ऐंशीच्या दशकात हा गृहस्थ एमआयटीत सौरऊर्जेवरच्या घरांच्या वीजवापराच्या नोंदी तपासत होता. घरात येणाऱ्या एकूण विजेचा आलेख बघताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक उपकरण चालू होताना आणि बंद होताना त्या रेषेत आपापल्या मापाची पायरी सोडून जातं. फ्रिजची पायरी वेगळी, हीटरची वेगळी. घराचा उंबरा न ओलांडता आत काय चाललंय हे बाहेरच्या एका तारेवरून सांगता येईल, अशी पद्धतच त्याने बसवली. आणि 1989 साली, आपल्या मीटरमध्ये अजून अ‍ॅल्युमिनियमची चकती गरगरत होती तेव्हा, त्यानेच लेख लिहून बजावलं की ही पाळत ठेवण्याची सोय आहे, सांभाळा. शोध ज्याचा, घंटाही त्यानेच वाजवली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पुढे तो भूमितीवर आधारलेली शिल्पं करू लागला आणि न्यूयॉर्कच्या गणित-संग्रहालयाच्या उभारणीत रमला. निवृत्त अभियंत्यांनी परिसंवादांना जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण अभियंतेसाहेबांना त्यांचं माप द्यायला हवं. हार्टची पद्धत सेकंदासेकंदाच्या नोंदींवर चालते. आपले मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या वापराची एक गोळाबेरीज करतात. तिच्यात चटणीपुरता फिरलेला मिक्सर बुडून जातो. दोन किलोवॉटचा गिझर वीस मिनिटं चालला तर तो मात्र लपत नाही. रात्री तीनला एसी सुरू झालेला कळतो. गणपतीला सगळं घर कोकणात गेलं की आठवडाभर नुसत्या फ्रिजची बारीक लाट उरते. ही माहिती चोराच्या, विमा कंपनीच्या किंवा पोलिसांच्या कामाची नाही असं म्हणणारा माणूस भोळा तरी आहे किंवा पगारी. इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या मीटर-प्रकरणात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये, दर पंधरा मिनिटांच्या नोंदी घेणं म्हणजे घराची झडतीच, असं मान्य केलं. मात्र तिथल्या परिस्थितीत ती वाजवी ठरवली. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने तर 2009 मध्ये मीटरची सक्तीच रोखली. आपल्याकडे 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारने आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाट कलम 17 मध्ये ठेवली.

आता साधा हिशोब करू. पंधरा मिनिटांना एक म्हणजे दिवसाला 96 नोंदी, महिन्याला 2,880. कशासाठी? सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापराला सवलत द्यायची आहे म्हणून. त्यासाठी वेळेच्या प्रत्येक टप्प्याची एकेक बेरीज पुरते. महिन्याला चार-पाच आकडे. त्या बेरजा मीटर स्वतःच आत ठेवू शकतो. ट्रान्सफॉर्मरवर किती भार येतो हे हवं असेल तर ट्रान्सफॉर्मरला मीटर लावा. हे मीटर केंद्राच्या ज्या योजनेतून येतात तिच्यात तोही आहे. उरलेल्या नोंदी कुणाला आणि किती दिवस हव्यात, हे सांगायची जबाबदारी मागणाऱ्याची आहे.

इथवर मी नोंदींवरच बोलत आलो, पण या मीटरमधली मोठी गोष्ट दुसरीच आहे, असं आता वाटतं. त्यात दुरून वीज तोडायचा स्विच आहे. केंब्रिजच्या रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी 2010 मध्येच विचारलं होतं की हा स्विच कोणाच्या ताब्यात? देशभरच्या घरांची वीज एकाच जागेवरून तोडता येत असेल तर शत्रूला बॉम्ब कशाला हवेत? हे परदेशी भय वाटत असेल तर उत्तर प्रदेशात या. 12 ऑगस्ट 2020, जन्माष्टमीची संध्याकाळ. लखनऊसह अनेक शहरांत स्मार्ट मीटरवाली लाखाहून अधिक घरं अंधारात गेली. थकबाकी नाही, वादळ नाही; वीज तोडण्याचा चुकीचा आदेश मीटरांपर्यंत पोहोचला होता. चौकशा लागल्या, मीटर बसवणं थांबवलं गेलं. दोनच महिन्यांनी मुंबई अंधारली, तेव्हा राज्य सरकारने सायबर हल्ल्याचा संशय घेतला आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. लिफ्टमध्ये अडकलेल्याला दोन्ही सारखंच.

पूर्वी वीज तोडायला वायरमन पक्कड घेऊन दारात यायचा. त्याला भरलेलं बिल दाखवता यायचं, आजारी म्हातारी दाखवता यायची, परवापर्यंत थांब म्हणता यायचं. तो कधी पैसे खायचा, कधी दया करायचा. पण एका दिवसात लाख घरं तोडणं त्याच्या बापाला जमलं नसतं. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 मध्ये थकबाकीदारालाही तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस आहे. तोडणारं यंत्र ती नोटीस गेली की नाही हे तपासतं का, हे आंदोलनाच्या मागणीपत्रात पहिलं हवं. दुसरं म्हणजे तासाला ठरावीक घरांपलीकडे तोडण्याचा आदेश आला तर यंत्रणेने तो नाकारावा, आणि पुढे जायचंच असेल तर दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी नावानिशी सही करावी. बिलाच्या आकड्यावर भांडायला नंतर पुष्कळ वेळ आहे.