स्फटिक, जास्वंद आणि कोडचे रंग

संगणकाचे प्रोग्रॅम ज्या साधनात लिहिले जातात त्या कोड एडिटरच्या पडद्यावर एखादा शब्द जांभळा, एखादा हिरवा, शेरा फिकट राखाडी असे जे रंग दिसतात, ते मूळ फाइलमध्ये कोठेही नसतात. फाइलमध्ये असतात ती केवळ अक्षरे. रंग एडिटर चढवतो आणि ते ठरवणारी थीम, म्हणजे रंगसंगती, वापरणाऱ्याने कितीदाही बदलली तरी प्रोग्रॅमच्या कामात तिळमात्र फरक पडत नाही. तेव्हा हे रंग नेमके कोणाचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही.

न्याय-वैशेषिक दर्शनात रूप, म्हणजे रंग, हा द्रव्याच्या ठायी राहणारा आणि केवळ डोळ्यांनी कळणारा गुण मानला असून अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे सात प्रकार सांगितले आहेत. त्या व्याख्येने कोडचे रंग फार तर पडद्याचे ठरतील. अद्वैत वेदान्तातील दृष्टान्त येथे अधिक जवळचा आहे: जास्वंदीशेजारी ठेवलेला स्वच्छ स्फटिक तांबडा भासतो, कारण फूल ही त्याची उपाधी असते, म्हणजे आपला धर्म शेजारच्या वस्तूवर भासवणारी वस्तू. थीम ही अशीच उपाधी आहे, असे म्हणून विषय मिटवण्याचा मोह होतो.

पण जास्वंद स्फटिकाविषयी काहीच सांगत नाही. कोडचा रंग सांगतो. मजकुराच्या शेवटचे अवतरणचिन्ह द्यायचे राहून गेले, तर पुष्कळदा खालच्या ओळीच्या ओळी मजकुराच्याच रंगात न्हाऊन निघतात आणि चूक वाचण्याआधीच दिसते. धुरावरून अग्नी ओळखावा तसा येथे रंग हा हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण, होतो. अर्थात अनेक एडिटर अक्षरांचे ठरावीक आकृतिबंध जुळवून रंग देत असल्यामुळे कोड निर्दोष असूनही कधीकधी रंग चुकतो; हा हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण फसवा हेतू. सारांश, हिरवा रंग आरोपित आहे, पण तो ज्या भेदावर बोट ठेवतो तो भेद कोडचा स्वतःचा आहे.

रंगांचे हे असे असले, तरी एडिटर बदलण्याचे दुःख रंगांचे नाही. सोलराइज्ड ही इथन स्कूनोव्हर यांची २०११ सालची सोळा रंगांची थीम अनेक एडिटरांत मिळते, म्हणून ती बरोबर नेता येते. नेता येत नाही तो हाताला जडलेला संस्कार. बिल जॉय यांनी १९७६ साली व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधी न पाहिलेली बोटे आजही व्हीआयच्या व्हिम या वारसात त्याच कळांनी फिरतात. व्हीआय आणि ईमॅक्स या दोन एडिटरांच्या वादाला पंथभेदाचे रूप आले ते यामुळेच, आणि ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी झगा घालून ‘चर्च ऑफ ईमॅक्स’चे संत म्हणून मिरवत त्याची थट्टाही केली.

एडिटरच नाहीसा झाला तरी हेच दिसते. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी आपला ॲटम हा एडिटर बंद केला. त्यात लिहिलेल्या फाइली इतर एडिटरांत अक्षरही न बदलता उघडतात, आणि त्याच्याबरोबर आलेली वन डार्क ही थीम आजही व्हीएस कोड या एडिटरमध्ये वापरली जाते.