ठावठिकाणा

टेलिफोन वायरने भिंतीला बांधलेला होता तोपर्यंत माणसे एकमेकांना "कसे आहात?" असे विचारीत. कुठे आहात, हे विचारण्याचे कारणच नव्हते. फोन जिथे, माणूस तिथे. फोन खिशात आला आणि त्या प्रश्नातला 'कसे' जाऊन त्या जागी 'कुठे' आला. व्याकरणाच्या दृष्टीने बदल एका शब्दाचा. संसाराच्या दृष्टीने फार मोठा. कारण "कसे आहात?" याला "मजेत" असे खोटे उत्तर दिले तरी चालते, किंबहुना तेच अपेक्षित असते. "कुठे आहात?" याला मात्र खरे उत्तर लागते.

तरीही काही वर्षे बरी गेली. "आत्ताच दादर सोडलं," हे वाक्य मी फोर्टातल्या बँकेत, स्वतःच्या खुर्चीवर बसून अनेकदा उच्चारले आहे. यात कोणाचे नुकसान नव्हते. सौ. कुकर लावायची तीच मुळी माझ्या 'दादर'मध्ये पाऊण तास मिळवून. आमच्या संसारातला तो मान्य विनिमय दर होता.

मग एका रविवारी कन्येने आमचे फोन मागून घेतले आणि गूगलच्या नकाशात आम्हा तिघांचे तीन ठिपके केले. "बाबा, आता फोन करून विचारायलाच नको. नकाशात बघायचं." किती वेळ दिसायचे, याला दोन पर्याय होते. एक तासाच्या हिशेबाने, किंवा 'तुम्ही बंद करेपर्यंत'. सौ.ने दुसरा निवडला. लग्नाच्या वेळीही तिने तोच निवडला होता.

तिसऱ्याच दिवशी मी डोंबिवली स्टेशनाबाहेर, डॉक्टरांनी तळलेले बंद केलेले असताना, वड्याच्या गाडीपाशी उभा होतो. फोन वाजला. "अहो, तिथेच आहात तर शेजारच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर आणा." वड्याचे नाव तिने काढले नाही. हातात पुरावा असला की पोलीसही आवाज चढवीत नाहीत.

यंत्रही अधूनमधून चुकते. एकदा माझा ठिपका लोकलबरोबर यायचा सोडून मुंब्र्याच्या खाडीत जाऊन थांबला. लगेच फोन. "अहो, खाडीत काय करताय?" मी म्हटलं, "विचार करतोय."

विचार करण्यासारखेच होते. ही उपग्रहांची यंत्रणा मूळची अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम चूक घालीत, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक बंद करण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत आपण वामकुक्षी घेत होतो, आणि तिकडे आपले शंभर मीटर गेले! शंभर मीटर म्हणजे किती, हे संसारी माणसालाच कळेल. वड्याच्या गाडीपासून आमचे वाचनालय बरोबर ऐंशी पावलांवर आहे.

बरे, हे सगळे कोणी आपल्यावर लादले म्हणावे, तर तसेही नाही. २००९ साली अमेरिकेत फोरस्क्वेअर नावाची एक गंमत निघाली. आपण कोणत्या हॉटेलात बसलो आहोत, हे मित्रमंडळींना फोनवरून आपणच कळवायचे. जो एका ठिकाणी सर्वांत जास्त वेळा जाईल तो तिथला 'मेयर'. (या हिशेबाने मी वड्याच्या गाडीचा तहहयात महापौर.) लोक हौसेने कळवू लागले, आणि चारचौघांत जाहीरही करू लागले. २०१० साली नेदरलँड्समधल्या काही तरुणांनी अशा जाहीर नोंदी एकत्र दाखवून त्यांना नाव दिले 'प्लीज रॉब मी', म्हणजे कृपया मला लुटा. त्यांना चोरी करायची नव्हती. 'मी हॉटेलात आहे' याचाच अर्थ 'घरी कुलूप आहे', एवढेच सांगायचे होते.

८ जुलै २०२४ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने माझ्या मनातले बोलून दाखवले. जामिनावर सुटलेल्या आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल, अशी अट घालता येणार नाही. त्याने खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो. मी ही बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सौ. म्हणाली, "तुम्ही जामिनावर आहात का?"

"नाही."

"मग?"

म्हणजे या सवलतीसाठी आधी गुन्हा करणे आले.

पण खरे सांगायचे तर तक्रार करताना माझी जीभ थोडी अडखळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मी कुर्ल्याजवळ अडकलेल्या लोकलमध्ये होतो, आणि आई व सौ. रात्रभर दारात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलासकट घरी पोचलो, तर आई रागावलीसुद्धा नाही. नुसती हाताला हात लावून पाहत राहिली. त्या रात्री तिला एक निळा ठिपका दिसला असता, तर बदल्यात मी आयुष्यभराचे वडे सोडले असते.

आणि दुसरे असे, की ज्याच्यावर नजर असते त्याचीही नजर सुटतेच. गेल्या वर्षी एका दुपारी, काउंटर बंद झाल्यावर, मी सहज नकाशा उघडला. सी.ए.च्या क्लासला गेलेल्या कन्येचा ठिपका ठाण्याला असायला हवा होता. तो दादरला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर होता. दोन तास हलला नाही. रात्री तिला विचारलं, "क्लास कसा झाला?" म्हणाली, "ठीक." दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्टा. तिसऱ्या दिवशीही.

सी.ए. हे माझे स्वप्न. मी बी.कॉम. होऊन जिथे थांबलो, तिथून तिने पुढे जावे अशी इच्छा. तीन रात्री माझ्या ओठांवर वाक्य तयार होते: "मला सगळं दिसतंय." बोललो असतो तर उत्तर मिळाले असते. पण ते झडतीत सापडलेल्या ऐवजासारखे मिळाले असते. मी गप्प बसलो.

चौथ्या रात्री ती गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, मला सी.ए. नाही करायचं. क्लास सोडलाय मी."

मी म्हटलं, "अस्सं? मला कल्पनाच नव्हती."

ज्या घरातून खोटेपणा हद्दपार करण्याची यंत्रणा बसवली होती, त्या घरात त्या रात्री मी धडधडीत खोटे बोललो. ते पाप होते का? पुष्कळ विचार केला. आमच्या बँकेत कर्जे दोन प्रकारची. एक तारणावर: सोने ठेवा, पैसे न्या. इथे बँकेचा विश्वास सोन्यावर असतो, तुमच्यावर नव्हे. दुसरे नुसत्या पतीवर. (पती म्हणजे नवरा नव्हे, त्याच्यावर कोणी कर्ज देत नाही.) ठिपका हे तारण आहे. माणूस कुठे आहे ते त्याने कळते. का आहे, ते माणूस आपण होऊन सांगेल तेव्हाच. आणि तिने सांगितले, ते माझ्या पतीवर सांगितले. ते सांगणे तिचे राहावे म्हणून माझ्या नकाशाने एवढे खोटे सोसायला हरकत नव्हती. शिवाय, ठिपका बंद करणे तिला एका बोटाचे काम होते. तिने ते केले नव्हते, हेही माझ्या नंतर लक्षात आले.

सौ.ला हे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

ठिपके अजून चालू आहेत. पावसाळा आहे, असू देत. पण हल्ली संध्याकाळी फोन येतो आणि सौ. विचारते, "कुठे आहात?" मी बँकेतल्या खुर्चीवर बसून सांगतो, "आत्ताच दादर सोडलं."

"बरं," ती म्हणते, आणि पाऊण तास मिळवून कुकर लावते.