दखल मागणे हा गर्व आहे काय?

मंडळीत एक प्रश्न वरचेवर निघतो आणि नेहमी एकाच ठरावीक उत्तराने मिटवला जातो. मनुष्याने चांगले काम करावे, पण त्याची दखल घेतली जावी अशी अपेक्षा धरू नये. अपेक्षा धरली की त्यात गर्व आला. मीही हे उत्तर पुष्कळांना दिले आहे. एकदा ते अशा माणसाला दिले, की त्याची आठवण आजही मला सुखाने बसू देत नाही. तो प्रसंग पुढे सांगतो. त्याआधी आपल्याच शहराच्या एका खेळाडूविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्यामुळेच मला माझ्या उत्तरातली खोट दिसली.

१६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुलसीदास बलराम कोलकात्यात निवर्तले. आजच्या तरुण वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. सिकंदराबादच्या पलीकडे अम्मुगुडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एका गरीब तमिळ घरात १९३६ साली हा मुलगा जन्मला. त्याला घडवले ते सय्यद अब्दुल रहीम यांनी. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. आमच्या नारायणगुड्याला लागून असलेल्या काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवले होते. पुढे ते हैदराबाद शहर पोलिसांच्या फुटबॉल संघाचे शिक्षक झाले आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईला जाऊन रोव्हर्स करंडक आणला. त्यांची एक पद्धत फार बोलकी होती. ज्या पायात जोर नाही त्या पायानेच खेळायचे, असे सामने ते मुलांकडून खेळवून घेत. कारण शत्रू आपला चांगला पाय अडवतो, तेव्हा दुसरा पाय तयार हवा.

बलराम १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकते झाले असतील. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले ते याच स्पर्धेत. पुढे १९६० साली रोममध्ये हंगेरी आणि पेरू या दोन्ही बलाढ्य संघांविरुद्ध भारताचा एकुलता एक गोल बलराम यांच्याच पायातून निघाला. मधल्या काळात ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले होते आणि १९६१ साली त्याचे कप्तान झाले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत, विरोधात गर्जणाऱ्या प्रचंड गर्दीसमोर, ४ सप्टेंबरला भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही तीन नावे तेव्हा एका दमात घेतली जात. त्याच वर्षी बलराम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि पुढच्याच वर्षी सगळे संपले. फुप्फुसाच्या आवरणाचा विकार, ज्याला डॉक्टर प्लूरसी म्हणतात, त्याने त्यांना गाठले आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा मोठा खेळ थांबला. त्याच १९६३ च्या जूनमध्ये रहीमसाहेबही फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. गुरू आणि शिष्य या दोघांचाही श्वासच एका वर्षात अडला.

आता चुनी गोस्वामींकडे पाहा. तेही १९६४ साली, जवळजवळ त्याच वयात, आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाजूला झाले. पण स्वतःच्या मर्जीने. त्यांच्या हाती दुसरा खेळ होता. बंगालकडून ते रणजी करंडकाचे क्रिकेट खेळत होते. १९६६ साली इंदूरला वेस्ट इंडीजच्या बलाढ्य संघाला मध्य व पूर्व विभागांच्या संयुक्त संघाने डावाने हरवले, त्या सामन्यात गोस्वामींनी आठ बळी घेतले. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कप्तान म्हणून ते मुंबईविरुद्ध उतरले आणि हरले. (आपल्यापैकी काही जुन्या मुंबईकरांना हा सामना आठवत असेल, तेव्हा आपण टाळ्या कोणाला वाजवल्या हे सांगायला नको.) असा दोन्ही खेळांत तरबेज मनुष्य विरळा. त्यांचे कौतुक कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मनात एक विचार येतोच. दुसरा खेळ अंगी यायला नुसती देणगी पुरत नाही. त्यासाठी तसे घर, तसा क्लब आणि सकाळी एका मैदानावर व दुपारी दुसऱ्या मैदानावर जाता येईल अशी मोकळीक लागते. अम्मुगुड्याच्या मुलाकडे एकच खेळ होता. रहीमसाहेबांनी त्याला दुसरा पाय दिला. दुसरे मैदान त्यांना कोठून देता येणार?

बलराम यांनी पुढे रेल्वेच्या नोकरीत दिवस काढले आणि अखेरची वर्षे हुगळीकाठच्या उत्तरपाडा येथे एकट्याने घालवली. लग्न त्यांनी केले नव्हते. गोस्वामींना १९८३ साली पद्मश्री मिळाली, बॅनर्जींना १९९० साली. त्या त्रयीतल्या तिसऱ्याला ती कधीच मिळाली नाही. याची खंत त्यांनी लपवून ठेवली नाही. भेटायला येणाऱ्या पत्रकारांजवळ ते ती उघड बोलून दाखवत. हे वाचून काही जण म्हणत, एवढा मोठा खेळाडू, पण मन मोठे नाही.

इथेच मी थांबलो. मन मोठे नाही असे म्हणणारे आपण कोण?

नीट पाहिले तर त्यांचे नुकसान दोन प्रकारचे होते. एक फुप्फुसाचे. त्याला कोणी माणूस जबाबदार नव्हता. अशा नुकसानीपुढे मान तुकवावी, हे आपण शिकतो आणि ते बरोबरच आहे. दुसरे नुकसान विसरले जाण्याचे. हे आकाशातून पडलेले नव्हते; ते माणसांच्या हातून घडले. कोणीतरी यादी करताना एक नाव लिहिले नाही, कोणी ते वाचून हरकत घेतली नाही, आणि आपण प्रेक्षक दुसऱ्या कुणासाठी टाळ्या वाजवू लागलो. गैरसोय होते म्हणून आपण या दोन्ही नुकसानांना एकाच पिशवीत घालतो आणि पिशवीवर लिहितो, देवाची इच्छा. मग जो दुसऱ्या नुकसानीबद्दल बोलतो, तो पहिल्याबद्दलच कुरकुर करतो आहे असे भासवता येते. देणेकऱ्याने सावकाराला निरिच्छपणाचा उपदेश करावा, तसाच हा प्रकार.

निरिच्छता हा मोठा गुण आहे, हे कोण नाकारील? पण तो ज्याचा त्याने आपल्यापुरता धरायचा असतो, दुसऱ्याच्या पदरात बांधायचा नसतो. आपल्या प्रभूने दहा कुष्ठी बरे केले आणि एकच आभार मानायला परतला, तेव्हा उरलेल्या नऊ जणांची त्याने चौकशी केली. तो गर्वाने बोलला असे आपल्यातला कोणीही म्हणणार नाही. आभार न मानल्याने काहीतरी मोडते, आणि ते देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यातच अधिक मोडते, एवढेच त्यावरून मला समजते.

याला एक दुसरी बाजू आहे व ती मी टाळू इच्छीत नाही. खंत दीर्घकाळ जवळ ठेवली की ती घरात पाहुण्यासारखी राहत नाही, मालक होऊन बसते. पदक मिळाले असते तर बलराम यांचे मन भरले असते काय? मला शंका आहे. सत्ताविसाव्या वर्षी जे हातून गेले ते कोणत्याही सरकारी सनदेत परत येत नाही. कदाचित म्हातारपणी मनुष्याला दोन्ही जखमा एकच वाटू लागतात आणि एकीच्या वेदनेला तो दुसरीचे नाव देतो. तसे असेल तर ती त्याची भूल. पण त्याच्या भुलीने आपले देणे फिटत नाही. नेव्हिल डिसूझा १९८० साली ४७ व्या वर्षी गेले. त्यांनी काही तक्रार केली की नाही, यावर त्यांचे आपल्याकडील येणे अवलंबून नाही.

आता माझा प्रसंग सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीत एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी ते एका खात्याच्या संघाकडून पावसाळ्यात फुटबॉल व हिवाळ्यात हॉकी खेळत. तिशी येण्याआधीच गुडघा गेला. मग कारकुनी केली, आणि रविवारी उपासना झाल्यावर मुलांना चेंडू कसा अडवावा हे हातातल्या छत्रीने दाखवत. एका मंडळाने स्मरणिका काढली. तीत 'आपले खेळाडू' म्हणून एक यादी होती. ती यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मामांचे नाव राहून गेले. मुद्दाम नव्हे; मला आठवलेच नाही, आणि मी कोणाला विचारलेही नाही.

पुढच्या रविवारी मामा पायरीवर उभे होते. हातात स्मरणिका. त्यांनी हळूच विचारले, "बेटा, माझे नाव कुठल्या पानावर आहे? चष्म्यामुळे दिसत नाही बहुतेक." मला काय झाले कोण जाणे, चूक कबूल करायची लाज वाटली असावी. मी म्हणालो, "मामा, तुमचे नाव वर लिहिलेले आहे ना, मग इथे नसले तर काय बिघडले?" भोवतालच्या दोन-तीन जणांना हे फार आवडले. मामाही हसले. त्यांनी स्मरणिकेची घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि ते पायऱ्या उतरले. त्या दिवशी त्यांनी छत्री उघडून मुलांना काही दाखवले नाही.

त्यानंतर मामा पुष्कळ वर्षे जगले, आणि या विषयावर आमचे पुन्हा कधी बोलणे झाले नाही. मी धर्माचे वाक्य वापरून स्वतःची चूक झाकली होती, हे त्यांना कळले होते. मला कळायला बलराम यांच्या निधनाची बातमी यावी लागली.

त्या आठवड्यात मी स्मरणिका शोधून काढली. पाने पिवळी पडली होती. यादीखाली मोकळी जागा होती, तिथे मामांचे नाव, खात्याचे नाव आणि पुढे 'फुटबॉल' असे पेनाने लिहिले, खाली माझी सही केली. त्यांची मुलगी अजून इथेच, उड्डाणपुलाच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्याकडे स्मरणिका घेऊन गेलो आणि घडले ते सगळे सांगितले. ती रागावली नाही. तिने चहा टाकला, मग चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"दादा," ती म्हणाली, "हॉकी राहिली."

मी पेन काढले.