जास्तीचे ते कोणाचे?

चेन्नईतील गिंडी येथे 1958 साली औद्योगिक वसाहत उभी राहिली. प्रेषित थोमाच्या स्मृतीशी निगडित असलेले लिटल माउंट तेथून जवळच आहे. भाषांतराच्या कामानिमित्त मी त्या भागात मुक्कामास असताना सोलापूरकडील एका मराठी तरुणाशी परिचय झाला. एका लहान कारखान्यात तो यंत्रभागांची रेखाचित्रे काढीत असे. मेहनताना दरमहा 18,000 रुपये. त्यातूनच गावी आईच्या औषधपाण्यासाठी पैसे जात. कारखान्याच्या हिशेबात मात्र तो पगारी नोकर नव्हता. त्याच्या मेहनतान्याची नोंद ‘व्यावसायिक शुल्क’ अशी होती. त्यामुळे 2024-25 या वर्षी दरमहा दहा टक्के, म्हणजे 1,800 रुपये, प्राप्तिकरापोटी कापले गेले. वर्षाचे झाले 21,600. एका महिन्याच्या कमाईहूनही अधिक!

वास्तविक त्या वर्षी जुन्या करपद्धतीत अडीच लाखांपर्यंत व नव्या पद्धतीत 3 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नव्हता. या तरुणाची मेहनतान्याची कमाई 2,16,000 रुपये. म्हणजे तो सरकारचे एका रुपयाचेही देणे लागत नव्हता. विवरणपत्र भरून परतावा मागावा, असे मी सुचविले. तो संकोचून म्हणाला, “काका, गेले ते गेले. सरकारच्या मागे लागणे आपल्याला शोभते का? प्रभूनेसुद्धा मंदिराचा कर वाद न घालता भरलाच ना?”

प्रश्न साधा नव्हता. मत्तयाच्या सतराव्या अध्यायातील तो प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुत्र करमुक्त असतात असे सांगूनही, कोणाला अडखळण होऊ नये म्हणून, प्रभूने तो कर भरविला. तर मग आपला हक्क सोडून देणे हीच ख्रिस्ती वृत्ती नव्हे काय?

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. प्रभूने हक्क सोडला तो आपला हक्क कोणता हे पूर्ण जाणून, आणि तसे बोलून दाखवून. अज्ञानामुळे, भीतीमुळे किंवा कागदपत्रांच्या कंटाळ्यामुळे जे सुटते त्याला त्याग म्हणता येत नाही. शिवाय मनुष्याला सोडता येते ते स्वतःचे. त्या 21,600 रुपयांत आईची औषधे होती. दुसऱ्याच्या तोंडचा घास सोडून देऊन आपण उदार ठरत नाही.

कैसराचे कैसराला द्यावे या शिकवणीचा आधार अशा वेळी हमखास घेतला जातो. परंतु लूकाच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द पाहावेत. कर ‘देणे’ योग्य आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. उत्तरात प्रभू जे क्रियापद योजतो त्याचा अर्थ ‘ज्याचे त्याला परत करणे’ असा आहे (20:25). आणि हेच क्रियापद त्याच्या आदल्याच अध्यायात जक्कयाच्या तोंडी आले आहे. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे तो मुख्य जकातदार म्हणतो (19:8). एकच शब्द कर भरणाऱ्यालाही लागू आणि कर घेणाऱ्यालाही! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना जकात बंद करण्यास सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच बजावले (3:13). ठरल्यापेक्षा जे अधिक, ते कैसराचे नव्हेच.

आपल्या देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. कायद्याच्या अधिकाराविना कोणताही कर बसवू वा वसूल करू नये, असे राज्यघटनेचे 265 वे कलम सांगते. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, उलट परताव्याचा हक्क असेल तर तो त्याच्या ध्यानी आणून द्यावा, असे परिपत्रक मध्यवर्ती महसूल मंडळाने 11 एप्रिल 1955 रोजी काढले होते. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने तर परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याजाची तरतूद केली. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहिला, याची ती शासनाने स्वतःच दिलेली कबुली होय. मग मागणाऱ्याने लाज का धरावी?

मात्र नाण्याला दुसरीही बाजू आहे. विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा तो तरुण अडखळला. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचे 14,000 रुपये त्याला रोख मिळाले होते. त्याची नोंद कोठेच नव्हती. “तेही लिहायचे का, काका?” मी म्हणालो, “लिहायचे. ज्या हाताने आपले मागतो, त्याच हाताने खरे लिहायचे.” उत्पन्न 2,30,000 झाले, तरीही कर शून्यच राहिला. पण त्या क्षणी ही बेरीज आम्ही केलेली नव्हती, आणि त्याने आकडा आधी लिहिला, हे मला मोलाचे वाटते.

कारण परताव्याच्या नावाखाली लबाडीही होते. खोट्या देणग्या व खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे, आणि त्यात आपला हिस्सा घेणारे मध्यस्थ आढळल्यामुळे, 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर विभागाने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. जास्तीचे घेणारा जकातदार जसा दोषी, तसाच जास्तीचे मागणारा करदाताही. हक्क आणि हाव यांतील भेद रकमेवरून ठरत नाही, सत्यावरून ठरतो.

काही आठवड्यांनी पैसे त्याच्या खात्यात आले. तो एवढेच म्हणाला, “काका, हे माझेच होते, हे पटायलाच वेळ लागला.”

आपल्या मंडळ्यांत असे किती तरी जण असतील: ठेकेदाराकडे राबणारे, तासिकेवर शिकविणारे, कमी कमाईतून कर कापला गेलेले. काहींना मागील वर्षांचेही येणे असेल. उशिरा केलेल्या मागण्यांसाठी 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. तेव्हा आळस परवडणारा नाही. हिशेब जाणणाऱ्या बंधुभगिनींनी उपासनेनंतरची एक दुपार अशांसाठी द्यावी. मजुराची अडकलेली मजुरी ओरडते, असे याकोब म्हणतो (5:4). ती ओरड ऐकण्यास कान हवेत, आणि एखादे विवरणपत्र भरून देणारा हातही.