ज्याने घेतलं, त्यानेच शोधावं

आपल्याकडून चुकीने घेतलेले पैसे आपण परत मागितलेच नाहीत, तर ते घेणाऱ्याचे होतात का?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण ब्रिटनमध्ये हाच प्रश्न लाखो लोकांसमोर होता. 29 ऑगस्ट 2019 ही बँकेकडे तक्रार करायची शेवटची तारीख. त्यानंतर कोर्टाची पायरी सोडली तर उत्तर जवळपास 'हो' असंच झालं.

प्रकरण होतं पीपीआयचं, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्सचं. कर्ज घेतल्यावर नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर हप्ते विम्यातून भरले जातील, अशी ही सोय. कल्पना चांगलीच होती. पण हा विमा स्वतःचा धंदा करणाऱ्यांना विकला गेला, निवृत्त लोकांना विकला गेला, आधीपासून आजारी असलेल्यांनाही विकला गेला. पॉलिसीच्या अटी बघता यांतल्या अनेकांना क्लेम मिळणारच नव्हता. कुणाला सांगितलं, विमा घेतला तरच कर्ज मंजूर होईल. कुणाला तर आपल्या कर्जाला विमा जोडलाय हेच माहीत नव्हतं. अनेकदा सगळा प्रीमियम कर्जाच्या रकमेतच मिसळायचे, म्हणजे विम्यावरही व्याज.

2014 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टासमोर आलेली एक केस बघा. 2006 साली एका बाईंनी 34,000 पौंडांचं कर्ज घेतलं. विम्याचा प्रीमियम 5,780 पौंड, आणि त्यातला 71.8 टक्के भाग कमिशन! कर्ज दहा वर्षांचं, विमा पाचच वर्षांचा. एवढं मोठं कमिशन लपवल्यामुळे हे नातंच अन्यायकारक ठरतं, असं कोर्टाने म्हटलं.

"पण सही तर केली होती ना?" हा युक्तिवाद आपल्याकडेही लगेच होतो. सही म्हणजे संमती, हे खरं. पण समोरच्याने महत्त्वाची गोष्ट झाकून ठेवली असेल, तर आपण नेमकी कशाला संमती दिली?

ब्रिटनमध्ये 2019 अखेरपर्यंत बँकांनी आणि इतर कंपन्यांनी मिळून 38 अब्ज पौंडांहून जास्त भरपाई दिली. आकडा प्रचंड आहे. मला खटकते ती देण्याची पद्धत. काही ग्राहकांना बँकांनी आपणहून पत्रं पाठवली, पण एकूण रचना 'तक्रार करा, मग बघू' अशीच होती.

बाळ रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो. इथे तर ज्याने दूध पळवलं तोच म्हणत होता, आधी रडून दाखवा.

माझं रोजचं काम डेटाबेसमधलं आहे, म्हणून हे जास्त टोचतं. कर्जाच्या अर्जात वय असतं, व्यवसाय असतो. पॉलिसीच्या नोंदीत अटी असतात. 'स्वतःचा धंदा' लिहिलेल्या किती जणांना त्यांच्या उपयोगाचा नसलेला विमा विकला, हे काढायला दोन टेबलं जोडणारी एक क्वेरी लागते. जुन्या नोंदी हरवतात, हे मान्य. काउंटरवर कुणी काय दबाव टाकला, हेही डेटाबेसमध्ये नसतं. ते ग्राहकानेच सांगायला हवं.

माझ्या मते न्यायाची रेघ इथेच ओढायला हवी. जे फक्त मला माहीत आहे, ते मी सांगावं. जे तुझ्या नोंदीत आहे, ते शोधायचं ओझं माझ्यावर नको.

ते ओझं ग्राहकावर पडलं की मधल्यामध्ये दुकानं उघडतात. तक्रार स्वतः केली तर फुकट होती. तरी फॉर्म आणि कायद्याची भाषा बघून लोक क्लेम कंपन्यांकडे गेले आणि आपल्याच पैशातला वाटा त्यांना देऊन बसले. 2018 मध्ये कायद्याने त्यांची फी 20 टक्के अधिक कर इथवर आणली. ज्यांना काही कळलंच नाही, त्यांना तर काहीच मिळालं नाही. म्हणजे अन्याय ज्याच्यावर झाला त्याला भरपाई, असं झालं नाही. ज्याला पाठपुरावा जमला त्याला भरपाई, असं झालं.

वर लाजही असते. 'झालं गेलं, गंगेला मिळालं. आता जुनं कशाला उकरायचं?' पण आपलेच पैसे मागणं हा लोभ कसा?

भारतात 2023 च्या नियमांनी 13 डार्क पॅटर्न्सवर बंदी घातली. ग्राहकाला न विचारता बिलात एखादी वस्तू किंवा सेवा घुसवणं त्यातच येतं. चांगलं झालं. पण ज्यांचे पैसे आधीच कापले गेले, त्यांनी काय करायचं? 1915 हेल्पलाइनला फोन करायचा, म्हणजे पुन्हा तक्रारच. फोन जरूर करा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की जो कोड न विचारता लाखो लोकांच्या हप्त्यात विमा जोडू शकतो, तो न मागता त्यांचे पैसे परतही करू शकतो. ते काम कुणी कुणाला सांगत नाही, एवढंच.