ख्रिस्तोफरला काय म्हणायचं?

रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं झाली आहेत. इंग्लंडातल्या स्विंडन गावात शेजारणीच्या हिरवळीवर तिचा कुत्रा मरून पडला आहे, अंगात बागकामाचं दाताळं रुतलेलं. पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर त्याला कवटाळून बसला आहे. पोलीस येतो आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागतो. मुलाच्या डोक्यात ते प्रश्न तुंबत जातात. त्याचा काका पावाच्या कारखान्यात आहे. तिथे कापणीयंत्र मागे पडलं की मागून येणारे पाव साचत जातात, तसे. तो गवतावर पालथा पडून कण्हू लागतो. पोलीस त्याचा दंड धरून त्याला उठवू पाहतो आणि मुलगा त्याला मारतो.

मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या कादंबरीची ही सुरुवात. 2003 साली ती आली आणि त्याच वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला मिळाला. ख्रिस्तोफर प्रकरणांना 1, 2, 3, 4 असे आकडे देत नाही. फक्त मूळ संख्या देतो. त्याला पिवळा आणि तपकिरी रंग सोसत नाही, कुणी अंगाला हात लावलेला खपत नाही, आणि खोटं बोलता येत नाही. कादंबरीत मात्र ‘ऑटिझम’ किंवा ‘अ‍ॅस्पर्जर’ हे शब्द कुठेही नाहीत. ‘अ‍ॅस्पर्जर’ हा शब्द आला पुस्तकाच्या वेष्टणावर, आणि तिथे तो आल्याबद्दल हॅडन यांनी पुढे खंत व्यक्त केली.

मग ख्रिस्तोफरला ऑटिस्टिक, आपल्या भाषेत स्वमग्न, म्हणावं का? एक पक्ष सांगतो की लेखकाने म्हटलेलं नाही, वाचकाने डॉक्टर होऊ नये, माणसाला शिक्का मारू नये. हे म्हणणं सभ्य आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपण शब्द दिला नाही तर मुलगा शिक्क्यावाचून राहील. आपल्या गल्लीत, वाड्यात, वर्गात असं कधी झालं आहे? कुणाशी नजर न मिळवणारा, आगगाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला, ताटातले पदार्थ एकमेकांना लागले की जेवण टाकून उठणारा मुलगा आपल्याकडेही होताच. त्याला घुमा म्हणत, चक्रम म्हणत, हट्टी म्हणत. शिक्का आधीपासूनच होता. त्या जुन्या शब्दांत दोष मुलाच्या स्वभावावर जाई आणि विषय तिथेच संपे.

नव्या शब्दानेही विषय तसाच संपवता येतो. वेष्टणावरचा शब्द वाचून पुस्तक उघडलं की ख्रिस्तोफरची प्रत्येक कृती लक्षण होऊन जाते. तो पोलिसाला मारतो, कारण ‘त्यांना’ राग आवरत नाही. पण तुंबलेले पाव त्याने स्वतः सांगितले आहेत. कारण समोर लिहिलेलं असताना आपण निदानाकडे धाव घेतो.

याच कादंबरीत स्मार्टीजच्या नळीचा प्रसंग आहे. लहानपणी शाळेत बाई त्याला गोळ्यांची नळी दाखवतात. आत निघते लाल पेन्सिल. आता तुझी आई आली तर तिला आत काय आहे असं वाटेल? तो म्हणतो, पेन्सिल. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं हे त्या वयात त्याला उमगत नाही. 1985 साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ यांनी अशाच धर्तीची चाचणी बाहुल्या वापरून घेतली. 20 पैकी 16 स्वमग्न मुलांचं उत्तर चुकलं. दुसऱ्याचं मन न कळणं हीच स्वमग्नतेची खूण, असं त्यानंतर बराच काळ मानलं गेलं.

आता ख्रिस्तोफरचे वडील बघा. बायको घर सोडून गेली, तर मुलाला सांगितलं की आई हृदयविकाराने गेली. तिची पत्रं लपवून ठेवली. मुलाला ती सापडल्यावर, यापुढे सगळं खरं सांगायचं ठरवून, कुत्रा आपणच मारल्याचं कबूल केलं. त्यांच्या लेखी हा विश्वास जोडण्याचा क्षण आहे. मुलगा हिशेब मांडतो तो असा: ज्याने कुत्रा मारला तो मलाही मारू शकतो. रात्रभर तो बागेतल्या खोपटामागे लपून राहतो आणि मग एकटाच लंडनची गाडी पकडतो. समोरच्याच्या मनात काय चाललं आहे हे इथे कुणाला कळलं नाही? पेन्सिलीच्या परीक्षेत इथे बापच नापास झाला आहे.

स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 साली याच गोष्टीला ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ म्हटलं. दोन तऱ्हेची माणसं भेटतात तेव्हा न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. नापास मात्र एकालाच केलं जातं. ख्रिस्तोफरला स्वमग्न म्हणून वाचण्याचा खरा लाभ मला इथे दिसतो. त्या शब्दामुळे मुलाबद्दल थोडं कळतं. पोलीस, वडील, शेजारी यांच्याबद्दल पुष्कळ कळतं. मुलाकडे बोट दाखवण्यापुरताच तो वापरायचा असेल, तर ‘चक्रम’ काय वाईट होता?

हाच निकष उलटही लावता येतो. शर्ली जॅक्सन यांच्या 1962 सालच्या ‘वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’मधली मेरिकॅट अठरा वर्षांची आहे. ती वस्तू जमिनीत पुरते, वही झाडाला खिळ्याने ठोकते, घरातला कुठलाही बदल तिला नको असतो. स्वमग्नतेच्या लक्षणांची यादी हाती घेतली तर पुष्कळ खुणा जुळतील. पण साखरेत आर्सेनिक घालून तिने आपलं कुटुंब मारलं आहे. तो शब्द त्या विषाचं स्पष्टीकरण म्हणून वापरला, तर कादंबरी कळत नाहीच, वर हजारो निरपराध मुलींवर संशय येतो. तिथे तो शब्द खाली ठेवावा.

ख्रिस्तोफरच्या बाबतीतही काही स्वमग्न वाचकांची तक्रार आहे: पुन्हा गणितात हुशार मुलगा, पुन्हा भावना न कळणारा. त्यांना ती करता येते, कारण त्यांनी त्याला आपल्यातला मानलं आहे. परक्याच्या चित्रणाबद्दल कोण भांडतं? 2017 साली इंडियाना रेपर्टरी थिएटरमध्ये मिकी रो या स्वमग्न नटाने या कादंबरीच्या नाट्यरूपात ख्रिस्तोफरची भूमिका केली, तीही याच हक्काने.

कादंबरीचं नाव शेरलॉक होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेतून आलं आहे. तिथे रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा ठरतो. आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. ख्रिस्तोफरच्या निवेदनात ‘ऑटिझम’ हा शब्द नाही, याचं कारणही मला तसंच वाटतं. तो स्वतःला अनोळखी नाही. अनोळखी आहे तो आपल्याला, म्हणून शब्दाची गरज आपल्याला पडते.