तिथी की ऋतू: पांढुर्णा-सौंसरचा श्रावण

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आहेत. 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झालेल्या या भागात मराठी आणि हिंदी दोन्ही पंचांगे चालतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, जूनच्या मध्याला मोसमी पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेर ओसरू लागतो. कापूस त्यावर उभा राहतो. संत्र्याचा मृग बहारही त्याच पावसाने फुटतो.

शेतकरी हा पाऊस सूर्यनक्षत्रांवर मोजतो. सूर्य मृगात 7-8 जूनच्या सुमारास शिरतो, ती तारीख वर्षानुवर्षे जवळपास तीच राहते. सण मात्र चंद्रतिथीने ठरतात, आणि चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असते. इथेच धर्मापुढचा प्रश्न उभा राहतो: पावित्र्य तिथीत आहे की ऋतूत?

इस्लामी कालगणनेने तिथीच्या बाजूने स्वच्छ कौल दिला. तिथे जादा महिना धरण्याची प्रथा निषिद्ध ठरली, म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. उपासना कोणत्याही हवामानावर अवलंबून नसावी, ही भूमिका त्यातून दिसते आणि ती आदरास पात्र आहे. हिंदू पंचांगाने दुसरी वाट धरली: साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालून चंद्राला सूर्याशी पुन्हा जुळवून घेतले. पांढुर्ण्यात पोळ्याच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार ही पारंपरिक दगडफेक होते. 2022 मध्ये ती 27 ऑगस्टला झाली. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे 15 सप्टेंबरला. तो महिना नसता तर सण ऑगस्टच्या मध्यावर आला असता आणि काही वर्षांत उन्हाळ्यात जाऊन पडला असता. डवरणीतून मोकळ्या झालेल्या बैलाचे आभार मानण्याचा दिवस नांगरणीच्या आधी आला, तर त्या आभारांना अर्थ कसा उरेल? अधिक महिना ही म्हणूनच केवळ गणिताची सोय नव्हे. ऋतू हा धर्माचा भाग आहे, अशी ती कबुली आहे.

महिन्याच्या नावाला तेवढे वजन नाही, हे या सीमाभागात विशेष स्पष्ट दिसते. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे हिंदी पंचांग पाळणाऱ्या घरी श्रावणी सोमवार पंधरवडाभर आधी सुरू होतात, आणि पोळ्याची अमावास्या मराठी घरात श्रावणाची, तर शेजारी भाद्रपदाची. बैल मात्र एकाच संध्याकाळी सजतात.

सूर्यनक्षत्रांची मोजणीही कायमची नाही. ती ताऱ्यांना बांधलेली आहे आणि संपातचलनामुळे ऋतूंपासून सुमारे 72 वर्षांत एक दिवस सरकते. मकरसंक्रांत पूर्वी उत्तरायणारंभाच्या जवळ होती. आज ती तीन आठवड्यांहून अधिक पुढे सरकली आहे. मृगही असाच पुढे सरकत राहील. अधिक महिना ही तफावत भरून काढू शकत नाही, कारण तो चंद्राला जुळवतो तेही याच ताऱ्यांशी बांधलेल्या सौरवर्षाशी. विसाव्या शतकात पंचांगसुधारकांनी सायन, म्हणजे ऋतूंना बांधलेल्या, गणनेचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. 1957 मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष सायन आहे. सणांची पंचांगे बहुतांशी निरयनच, म्हणजे ताऱ्यांना बांधलेली, राहिली.